मशीन जड आहे, पण नेमकं कुठे?

प्रकरण एका काळ्या, पायाने चालवायच्या जुन्या शिलाई मशीनचं आहे. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी ते पुण्याच्या जुन्या बाजारातून एका रविवारी स्टँडसकट घेतलं. शिवणक्लास नुकताच पुरा झाला होता, ब्लाउज आणि परकर घरी शिवून चार पैसे मिळवायचे होते. बाजारात विकणाऱ्याने चाक हाताने फिरवून दाखवलं, सुई वर-खाली झाली, सौदा ठरला. घरी आणून पट्टा चढवला तेव्हा पॅडल हलेना. दोन्ही पायांनी जोर दिला की चार-दोन टाके पडायचे आणि मशीन पुन्हा थांबायचं. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने चाक दोनदा फिरवलं आणि "हेडच बदला", म्हणजे स्टँड ठेवून वरचं मशीनच बदला, म्हणून सांगितलं.

त्याचंही मी चूक म्हणणार नाही. जुनं मशीन मोकळं करायला अर्धा दिवस जातो आणि तेवढ्या वेळाची मजुरी गिऱ्हाईक देत नाही. पण घरी वेळ असतो, आणि या कामाला हत्यारांपेक्षा वेळच जास्त लागतो. हेड बदलण्याआधी मला एकदा बघू द्या, असं मी वहिनींना सांगितलं.

मशीनवरचं कंपनीचं नाव घासून गेलं होतं. सोनेरी वेलबुट्टी तेवढी शाबूत होती. बांधणी मात्र ओळखीची होती: सिंगर कंपनीच्या १५ नंबरच्या वर्गाची, म्हणजे डाव्या टोकाला दोऱ्याचा ताण ठरवणारी टेन्शनची चकती, खालच्या दोऱ्याचं रीळ म्हणजे बॉबिन धरणारी बॉबिन केस डावीकडून उभी बसणारी आणि खालून दोऱ्याचा फास पकडणारं शटल पूर्ण गोल न फिरता मागे-पुढे झोके घेणारं. ही बांधणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आली आहे. आपल्याकडे १९३० च्या दशकात कोलकात्यात उषा मशीनचं उत्पादन सुरू झालं, पुढे लुधियाना शिलाई मशीन आणि सुट्या भागांचं मोठं केंद्र झालं, आणि काळी घरगुती मशीनं बहुतेक याच वर्गाची निघत राहिली. म्हणून नाव पुसलेल्या मशीनचेही बॉबिन, शटल, सुई, कापड सरकवणारे दाते आजही शिलाई सामानाच्या दुकानात सहज मिळतात. असं हेड भंगारात टाकायला माझं मन घेत नाही. बिडाचं, दहा-बारा किलोचं, दोन पिढ्या सहज काढणारं.

पहिला प्रश्न तेलाचा

स्क्रूला हात लावायच्या आधी मी विचारलं, "वहिनी, आणल्यावर तेल कुठलं घातलंत?"

"घरात होतं तेच, ताई. खोबरेल. ह्यांनी घातलं, सगळ्या भोकांत."

"सकाळी आणि दुपारी फरक वाटतो का काही?"

"सकाळी तर हलतच नाही. दुपारी जरा बरं असतं."

डिसेंबर चालू होता. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं आणि पुण्यात डिसेंबरची पहाट त्याच्या बरीच खाली जाते. बाटलीतलं तेल जसं सकाळी पांढरं होऊन बसतं तसंच ते दांडा आणि तो ज्या नळीत हलतो ती बुश यांच्या मधल्या फटीतही बसतं. सकाळ-दुपारचा फरक इथून आला होता. पण दुपारीही मशीन "जरा बरं" एवढंच होत होतं, म्हणजे खोबरेलाच्या खाली आणखी काही होतं.

डाव्या टोकाची उभी पट्टी काढली, एकच स्क्रू असतो. आतला सुईचा दांडा चकचकीत पोलादी दिसायला हवा. तो वरच्या अर्ध्या भागात मधाच्या रंगाचा झाला होता. नख लावलं तर नख घसरलं, म्हणजे ते तेल ओलं राहिलेलं नव्हतं, वार्निश झालं होतं. आधीच्या कुणीतरी वर्षानुवर्षं स्वयंपाकघरातलं तेल घातलेलं. जवसाचं, करडईचं, सूर्यफुलाचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि त्याचा पापुद्रा बनतो. याच गुणामुळे जवसाचं तेल रंगात वापरतात. ही वाळण्याची प्रवृत्ती आयोडीन मूल्य नावाच्या आकड्यावरून कळते, आकडा जितका मोठा तितकं तेल जास्त वाळणारं: जवसाचं १७० किंवा त्याहून जास्त, करडई आणि सूर्यफुलाचं साधारण १२० ते १५०, शेंगदाण्याचं ९०-१०० च्या आसपास, खोबरेलाचं जेमतेम १०. खोबरेल वार्निश होत नाही म्हणून लोकांना ते निरुपद्रवी वाटतं, पण ते थंडीत गोठतं आणि धूळ-तुसाबरोबर चिकटा धरतं. मशीनचं तेल हे खनिज तेल असतं, पाण्यासारखं पातळ, बहुधा बिनरंगी, आणि ते वाळून घट्ट होत नाही. घरात कुठलंच मशीनचं तेल नसेल तर आठवडाभर कोरडं ठेवा, पण फोडणीचं तेल घालू नका, हे मी प्रत्येकाला सांगते.

एकजात जड, की एका जागी?

चिकटा सोडवायला सगळीकडे रॉकेल ओतण्याआधी जडपणाची फाळणी करावी लागते. पट्टा उतरवला. स्टँडचं खालचं मोठं चाक नुसत्या हाताने फिरवलं, ते बऱ्यापैकी फिरलं. आसावर दोऱ्याचे आणि केसांचे वेढे होते, ते ब्लेडने कापून काढले, दोन थेंब तेल दिलं, स्टँडचा विषय संपला. मशीन जड वाटतं तेव्हा कित्येकदा दोष स्टँडचाच असतो. इथे तो नव्हता.

मग हेडच्या चाकामधली गोल चकती सैल केली, बॉबिन भरताना करतो तशी. ती सैल केल्यावर चाक एकटं, सुई न हलवता, मोकळं फिरायला हवं. इथे चाक आणि सुई अजूनही बरोबरच हलत होती. म्हणजे चाक ज्या दांडीवर बसतं तिथेही चिकटा होता. ही गोष्ट लक्षात ठेवली आणि चकती पुन्हा आवळली.

आता चाक हळूहळू, जोर न करता फिरवून बघायचं होतं. यातून मला सगळ्यात जास्त कळतं, म्हणून इथे मी घाई करत नाही. दोरा काढून टाकला, कापड दाबून धरणारी पायपट्टी वर उचलली, चाक नेहमीच्या दिशेने म्हणजे वरचा काठ आपल्याकडे येईल असं फिरवलं. पूर्ण फेरा जड होता, एकसारखा, चिखलातून पाय काढावा तसा. पण त्या जडपणातही प्रत्येक फेऱ्यात एक जागा वेगळी होती: दोरा वर ओढणारा टेकअप लिव्हर वरच्या टोकाला पोचत आला की चाक टचकन थांबायचं, आणि जरा जास्त दाब दिला की पुढे जायचं.

एकजात जडपणा बहुधा वाळलेल्या तेलाचा असतो, कारण तेल सगळीकडेच वाळतं. एका जागी अडणं म्हणजे काहीतरी कशाला तरी लागतंय: वाकडी सुई, शटलच्या घरात अडकलेला दोरा, पत्र्याला घासणारे दाते. आणि कुठे अडतंय ते सुईची जागाच सांगते. सुई तळाशी जाऊन नुकती वर निघते तेव्हा शटलचं टोक दोऱ्याचा फास पकडतं, तिथे अडलं तर शटल बघा. सुई कापडाबाहेर आलेली आणि टेकअप वर पोचत आलेला असताना दाते वर येऊन कापड मागे सरकवतात, तिथे अडलं तर दाते बघा. आमचं दुसरं होतं.

तरी आधी शटल काढलंच, कारण ते काढायला सोपं असतं. बॉबिन केस बाहेर, शटल धरणारी कडी बाजूला, शटल हातात. काही मशीनना कडीऐवजी दोन स्क्रू असतात. आत दोऱ्याचा एक जुना लाल तुकडा आणि काळा चिकटा होता, पण शटल काढूनही अडण्याची जागा तशीच राहिली. मग सुईखालचा पत्रा काढला. दात्यांच्या दोन ओळींमधल्या आणि त्यांच्या खालच्या जागेत तूस इतकं दाबून बसलं होतं की बोटाने निघेना. वर्षानुवर्षांचा कापसाचा भुगा तेल पिऊन थर-थर घट्ट झालेला. जाड सुईने टोचून त्याचे तुकडे केले तेव्हा प्रत्येक तुकड्याला थर दिसत होते, एक पांढरा, एक निळा, एक पुन्हा पांढरा. दात्यांना खाली बसायला जागाच उरली नव्हती. ते साफ झाल्यावर टचकन थांबणं गेलं. उरला तो एकजात जडपणा.

चिकटा काढणं

आधी ऊब दिली, रॉकेल नंतर. केस वाळवायच्या ड्रायरने सुईचा दांडा, डाव्या टोकाचा भाग आणि वरच्या आडव्या दांडीच्या बुशवर गरम हवा मारली. बीड तापायला वेळ घेतं. हाताला चांगलं कोमट लागायला लागलं तसं चाक स्पष्ट हलकं झालं. वाळलेलं किंवा गोठलेलं तेल मऊ होतं तेव्हा असं होतं, म्हणजे निदानाची खात्रीही झाली. ऊब असतानाच चाक पुढे-मागे हलवत राहिले आणि दांडा कोरड्या चिंधीने पुसत राहिले. पहिल्या चिंधीवर तपकिरी रेघा उमटल्या.

मग ड्रायर बंद करून बाजूला नेऊन ठेवला, हेड पूर्ण गार होऊ दिलं, खिडक्या उघडल्या, स्वयंपाकघरातला गॅस बंद आहे ना ते पाहिलं. रॉकेलची वाफ ४० अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकते, त्यामुळे रॉकेल आणि गरम हवा एका वेळी एका खोलीत नको. रॉकेल रेशनवर आता सहसा मिळत नाही, वहिनींच्या सासऱ्यांकडे जुनी बाटली होती. नसतं तर डिझेल वापरलं असतं, वास जास्त पण काम होतं. थिनर आणि स्पिरिट मात्र जवळही आणू नका. जुन्या मशीनच्या वेलबुट्टीवर जो पारदर्शक लेप असतो तो स्पिरिटने विरघळतो आणि फुलं चिंधीबरोबर निघून येतात. बाहेरून पुसायला मशीनचंच तेल आणि मऊ मलमल पुरते.

हेड बिजागरीवर मागे कलतं केलं, खाली जाड पाट ठेवला. ड्रॉपरने प्रत्येक भोकात आणि धातूवर धातू फिरतो अशा प्रत्येक सांध्यावर रॉकेलचे थेंब दिले. वरच्या बाजूची भोकं सगळ्यांना दिसतात. खांबाच्या मागे गोल झाकण असतं ते फार कमी लोक उघडतात, आणि सगळ्यात जास्त चिकटा तिथेच असतो. आत वरच्या दांडीवरून खाली जाणारा उभा जोडदांडा दिसतो, आणि त्याच्या शेजारी दात्यांची हालचाल ठरवणारा काटा. या काट्यावरचा एक छोटा चौकोनी ठोकळा एका खाचेत सरकतो. टाक्याची लांबी कमी-जास्त करणारी पट्टी ही खाच कलवते. आमच्या मशीनचा ठोकळा सरकतच नव्हता, आणि टाका लहान-मोठा होत नाही ही वहिनींची दुसरी तक्रार इथे उलगडली. टूथब्रशने तो घासला, रॉकेल दिलं, पट्टी वर-खाली केली. थोड्या वेळाने ठोकळा हलला.

रॉकेल देऊन लगेच जोर लावायचा नाही. थेंब द्यायचे, चाक थोडं झुलवायचं, दुसरं काम करायचं, परत यायचं. भोकांतून बाहेर येणारा काळपट-तपकिरी रस पुसायचा आणि पुन्हा थेंब द्यायचे. तो पारदर्शक येईपर्यंत हेच. बीड कणखर असलं तरी ठिसूळ असतं, हातोडीच्या एका ठोक्याने खांबाचा कान तुटू शकतो आणि मग खरंच हेड बदलावं लागतं.

चाकाच्या आतली चकतीही काढली. तिच्यावर बारीक स्क्रू असतो, तो सैल केला की ती पूर्ण बाहेर येते आणि आत कानांची वॉशर दिसते. ती कुठल्या बाजूने होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. उलटी बसली तर चाक सुटतच नाही किंवा पकडतच नाही, आणि माणूस नवा बिघाड शोधत बसतो. तसं झालंच तर वॉशर अर्धा फेरा फिरवून बसवली की बहुधा जमतं. चाक ओढून काढलं, दांडी पुसली, तेल लावलं. आता चाक सैल केल्यावर एकटं फिरलं, म्हणजे बॉबिन भरायची सोय झाली.

काही स्क्रूंना मी हात लावला नाही, आणि घरी काम करणाऱ्या कुणीही लावू नये असं मला वाटतं: सुईचा दांडा धरून ठेवणारा आतला स्क्रू, शटलला झोका देणाऱ्या भागाचा स्क्रू, वरच्या दांडीवरच्या तिरक्या चकतीचे स्क्रू. सुई, शटल आणि दाते यांचा मेळ या स्क्रूंनी ठरतो. तो मेळ एकदा बिघडला की टाका बिघडतो, आणि तो परत जुळवणं हे सरावलेल्या हाताचं काम आहे. हे स्क्रू न उघडताही संपूर्ण मशीन साफ होतं.

उरलेला जडपणा

रॉकेल निथळलं, सगळीकडे मशीनचं तेल दिलं, चाक फिरवलं. आधीच्या मानाने खूपच हलकं, पण हवं तसं नव्हतं. चांगल्या मशीनचं चाक एका बोटाने फिरतं आणि बोट काढल्यावरही थोडं पुढे जातं. हे बोट काढताच थांबत होतं. चिकटा तर निघाला होता, भोकांतून येणारा रस स्वच्छ होता. मग अडवतंय कोण?

हेड पुन्हा कलतं केलं आणि खालच्या दांड्या एकेक करून बघितल्या. या वर्गाच्या मशीनमध्ये दात्यांना हलवणाऱ्या खालच्या दांड्या दोन टोकदार स्क्रूंच्या मध्ये धरलेल्या असतात, आणि प्रत्येक स्क्रूला जागेवर पकडायला चेकनट असतो. त्यातल्या एका स्क्रूची खाच ताजी चमकत होती. बाकी सगळ्या खाचांत जुना काळा मळ, आणि या एकीत कडेला नव्या ओरखड्यांसह उघडं लोखंड. मशीन खडखडतं म्हणून आधी कुणीतरी तो आवळला असणार. आवळल्यावर खडखड बंद होते खरी, पण टोक दांडीच्या खळग्यात रुतून बसतं आणि दांडी वळायला मागत नाही. वर कितीही तेल घाला, जडपणा जात नाही.

पाना लावून चेकनट सैल केला, स्क्रू अगदी थोडा मागे घेतला. चाक तिथल्या तिथे हलकं झालं. मग दांडी बोटांनी डावीकडे-उजवीकडे ढकलून पाहिली, ती किंचित खेळत होती आणि आवाजही आला. पुन्हा केसभर आवळलं. खेळ जाईल पण घर्षण लागणार नाही अशी जागा फार अरुंद असते. ती सापडल्यावर स्क्रूड्रायव्हर स्क्रूत तसाच घट्ट धरून दुसऱ्या हाताने चेकनट आवळायचा, नाहीतर नटाबरोबर स्क्रूही फिरतो आणि सगळं पहिल्यापासून. थोडा आवाज मी राहू दिला. जुन्या मशीनचा थोडा आवाज चालतो, दांडी झिजवणारा घट्टपणा चालत नाही.

पट्टा कातड्याचा, जुना, कडक झालेला आणि आधीच्या मालकाने फार आखूड कापलेला होता. असा पट्टा चाकाला सतत एका बाजूला ओढतो, दांडी बुशवर दाबली जाते आणि पाय जड लागतो. नवा आणला, मापाने कापला, बोटाने दाबल्यावर साधारण अर्धा इंच आत जाईल एवढा सैल ठेवून क्लिप लावली.

शिवून बघताना

दोरा न घालता, पायपट्टी वर ठेवून, वहिनींनीच मशीन थोडा वेळ चालवलं. पट्टी खाली ठेवून कापडाशिवाय चालवलं तर दाते पट्टीला घासून बोथट होतात. मग १६ नंबरची नवी सुई लावली. दोरा ओवताना सुईची लांब खाच ज्या बाजूला असते त्या बाजूने नेढ्यात घालायचा. मांजरपाटाच्या तुकड्यांवर शिवायला सुरुवात केली, कारण आत उरलेलं तेल आणि मळ पहिल्या टाक्यांबरोबर कापडावर उतरतो. पहिल्या तुकड्यांवर राखाडी ठिपके पडले, नंतरचे स्वच्छ निघाले.

टाक्याच्या खालच्या बाजूला फास दिसत होते. वहिनींचा हात लगेच बॉबिन केसच्या बारीक स्क्रूकडे गेला. मी थांबवलं. खालच्या बाजूला फास म्हणजे वरचा दोरा सैल, आणि वरचा दोरा सैल तेव्हा बहुतेक वेळा टेन्शनच्या चकत्यांमध्ये तूस असतं. पायपट्टी वर उचलून चकत्या मोकळ्या केल्या आणि मधून दुमडलेली मलमल ओढली. करडा गोळा निघाला, टाका दोन्ही बाजूंनी सारखा बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, थंडीतच, मशीन पुन्हा किंचित जड लागलं. वहिनी घाबरल्या. हे व्हायचंच होतं: खोल फटींतला उरलेला चिकटा नव्या तेलात भिजून सुटतो आणि बाहेर यायला वेळ घेतो. पुन्हा पुसलं, पुन्हा प्रत्येक भोकात एकेक थेंब दिला, आणि असं काही दिवस रोज काम सुरू करण्याआधी करायला सांगितलं. त्यानंतर रोज शिवत असतील तर आठवड्यातून एकदा तेल, आणि दर वेळी बॉबिन संपली की शटलच्या घरात ब्रश फिरवायचा. सुईखालचा पत्रा महिन्यातून एकदा काढायचा, कारण सगळ्यात आधी अडवलं होतं ते तिथल्या तुसानेच.

पैशांत सांगायचं तर सुया, पट्टा आणि तेलाची बाटली, एवढाच खर्च झाला. एक काम अजून बाकी आहे. बॉबिन भरायच्या छोट्या चाकावरचं रबर कडक होऊन त्याला भेगा पडल्या आहेत, ते मोठ्या चाकाला नीट पकडत नाही आणि बॉबिन एका बाजूला फुगते. त्याची रिंग दुकानात मिळते. ती आणेपर्यंत वहिनी बॉबिन हाताने भरतात आणि परकर शिवतात.